दूध तोडल्यानंतरचे दहा दिवस: डुकराच्या पिल्लांचं पोट सांभाळायचं कसं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पिल्लांना हगवण लागली की पहिला फोन औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार पावडर देतो, ती पाण्यात जाते, तीन-चार दिवसांत हगवण थांबते आणि पुढच्या वेताला पुन्हा तेच. पावडरीचा खर्च दिसतो तरी. पिल्लांची वाढ मागं पडते, तो तोटा वहीत कुणी लिहीत नाही.

दूध तोडल्यावर हगवण घडवणारा ई. कोलाय हा जिवाणू बहुतेक वेळा शेडमध्ये आणि पिल्लाच्या आतड्यात आधीपासूनच असतो. त्याला वाट मोकळी करून देतो तो आपण एका रात्रीत केलेला बदल: आई गेली, खोली बदलली, दूध जाऊन पेंड आली. म्हणून औषधाकडे वळण्याआधी गव्हाण, पाणी आणि जमीन बघायची. या लेखातला बहुतेक मजकूर या तीन गोष्टींचाच आहे.

आत काय चालतं

डुकराला माणसासारखं एकच पोट. मका, सोया पेंड यांचं पचन लहान आतड्यात होतं. तिथं न पचलेला तंतू मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. यातलं ब्युटिरिक मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य खाद्य. अस्तर धड राहिलं तर पाणी शोषलं जातं आणि शेण बांधून पडतं. तंतूऐवजी न पचलेली प्रथिनं तिथं पोचली, तर दुसरेच जिवाणू जोर धरतात, अमोनिया तयार होतो, शेण पातळ होतं आणि वास वाढतो. शेजारी पंचायतीत वासाची तक्रार घेऊन जातात, तेव्हा शेड धुण्याबरोबर गव्हाणीतलं प्रथिनही तपासावं.

दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटात स्वतःचं आम्ल फार कमी तयार होतं. त्याची उणीव लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू भरून काढतात. दुधातल्या साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल करतात, पोट आंबट राहतं आणि ई. कोलाय दबून राहतो. दूध तुटलं की ही साखर बंद. त्यात घाबरलेलं पिल्लू एक-दोन दिवस नीट खात नाही, त्यामुळं आतड्यातल्या अन्न शोषणाऱ्या बारीक अंकुरांची उंची कमी होते. मग भुकेनं एकदम भरपूर खातं, ते पचत नाही आणि ई. कोलायला आयतं खाद्य मिळतं. धान्यावर जगणारे जिवाणू जम बसवायला आठवडा ते दहा दिवस घेतात. सगळी काळजी घ्यायची ती याच दिवसांत.

सुरुवात डुकरिणीपासून

पिल्लाला पहिले जिवाणू मिळतात ते आईच्या सडावरून, कातडीवरून आणि शेणातून. म्हणून व्यायच्या पाच-सात दिवस आधी डुकरिणीला कोमट पाण्यानं आणि साबणानं धुवावं, पोटाखाली आणि सडांजवळ जास्त निगुतीनं, आणि मगच व्यायच्या खोलीत न्यावं. खोली आधी खरवडून, धुऊन वाळू द्यायची, मग जंतुनाशक मारून पुन्हा पूर्ण वाळू द्यायची. ओल्या जमिनीवर मारलेलं जंतुनाशक पातळ होऊन वाया जातं. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात खोली वाळतच नाही. तेव्हा चुना पसरून दोन दिवस पंखा लावावा, किंवा निदान एक कोपरा पूर्ण कोरडा करून त्यात भाताचं पिंजर टाकावं. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून व्यायच्या दहा-पंधरा दिवस आधी, म्हणजे आईकडून पिल्लांना जंत कमी जातात.

व्यायच्या आसपास डुकरिणीचं शेण कडक गोळ्या होऊन पडत असेल तर दुर्लक्ष करू नये. कोठा जड झालेल्या डुकरिणीला ताप, सडाची सूज आणि दूध आटणं हे एकापाठोपाठ येऊ शकतं. शेवटच्या आठवड्यात खाद्यात गव्हाचा भुसा वाढवावा (गिरणीतून पोत्यात येतो तो, काड नव्हे), कोवळा हिरवा चारा द्यावा आणि पाणी सतत पुढ्यात ठेवावं. दूध पाजणारी डुकरीण दिवसाला २० ते ३० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त.

पहिले चोवीस तास: चीक

डुकराचं पिल्लू जन्मतः रोगप्रतिकारशक्तीविना येतं; आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून त्याच्याकडे जात नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात आणि आतडं ती जेमतेम पहिले २४ तास आत घेतं, त्यातही पहिल्या सहा तासांत सगळ्यात चांगलं. प्रत्येक पिल्लाच्या पोटात या काळात साधारण २०० ते २५० मिली चीक गेला पाहिजे. दहा-बारा पिल्लांच्या वेतात दांडगी पिल्लं पुढचे सड धरून बसतात आणि बारकी मागं राहतात. यावर उपाय सोपा: दांडगी पिल्लं एकदा पोटभर प्यायली की त्यांना तास-दीड तास उबदार खोक्यात ठेवायचं आणि तेवढ्यात बारक्यांना सड मोकळे करून द्यायचे. पहिल्या दिवशी हे दोन-तीनदा करावं.

ऊब हा पोटाचाच भाग आहे. नवजात पिल्लाला अंगाखाली ३२ ते ३४ अंश तापमान लागतं. थंडीनं गारठलेलं पिल्लू पीत नाही आणि त्याचं आतडंही मंद पडतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र चांगलीच गार असते, तेव्हा बल्ब आणि पिंजर दोन्ही हवं. पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करत असतील तर थंडी आहे. बल्बपासून लांब विखरून पडली असतील तर उष्णता जास्त झाली. पसरून, एका रांगेत आडवी झोपलेली पिल्लं पाहिली की काम बरोबर.

आपल्याकडे अशक्त पिल्लाला गूळपाणी पाजायची पद्धत आहे. पहिल्या आठवड्यात ती बंद करा. या वयात उसाची साखर पचवणारं सुक्रेज हे पाचकद्रव्य पिल्लाच्या आतड्यात जवळपास नसतं, त्यामुळं गूळ किंवा साखर न पचता खाली जाते आणि उलट हगवण लागते. ग्लुकोज चालतं. माणसांसाठी मिळणारी ओआरएसची पुडी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी, तीही चीक पाजून झाल्यावरच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, साधारण २०० मिलिग्रॅम. सिमेंटच्या जमिनीवर वाढणाऱ्या पिल्लाला ते टाळून चालत नाही.

दहाव्या दिवसापासून कोरडं खाद्य

दूध तोडायच्या दिवशी पिल्लानं पहिल्यांदा पेंड बघितली, तर हगवण आपण स्वतः ओढवून घेतली. दहाव्या ते चौदाव्या दिवसापासून आई पोचणार नाही अशा कोपऱ्यात उथळ ताटलीत मूठभर खाद्य ठेवायला लागा. सुरुवातीला पिल्लं त्यात नाक खुपसून खेळतात, सांडतात, त्यावर मुततात. दिवसातून चारदा थोडं थोडं ताजं टाका आणि उरलेलं आईला द्या. या खाद्यात प्रथिनं २० ते २२ टक्के असावीत; परवडत असेल तर थोडी स्किम्ड मिल्क पावडर घालावी, म्हणजे लॅक्टोबॅसिलसला त्याची साखर मिळत राहते.

दूध तोडताना

छोट्या शेडमध्ये ४५ ते ५६ दिवसांत दूध तोडणं सोयीचं. त्याआधी तोडायचं असेल तर खाद्य आणि ऊब दोन्ही त्या तोडीचं हवं. त्या दिवशी आईला बाहेर काढा आणि पिल्लांना त्याच खोलीत राहू द्या, निदान आठवडाभर. जागा तीच, वास तोच, भावंडं तीच. खच्चीकरण, लस, जंताचं औषध आणि वाहतूक यांतलं काहीही त्याच आठवड्यात आणू नका. खच्चीकरण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच उरकून घ्यावं.

पहिले तीन दिवस गव्हाण भरून ठेवू नका. दिवसातून पाच-सहा वेळा, अर्ध्या तासात संपेल एवढंच. खाद्य आधीचंच. हगवण लागली नाही तर चौथ्या दिवसापासून प्रमाण वाढवत न्या. नवीन मिश्रणावर आणायचं ते नंतर: पहिले तीन दिवस एक भाग नवीन आणि तीन भाग जुनं, मग तीन दिवस निम्मं-निम्मं, मग तीन दिवस उलट प्रमाण, दहाव्या दिवशी पूर्ण नवीन. हा दहा दिवसांचा नियम पुढं प्रत्येक बदलाला लावा. बाजारातून पिल्लं आणताना विकणाऱ्याला विचारा, ‘काय खायला घालता?’ आणि त्याच्याकडूनच दहा दिवसांचं खाद्य विकत घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणलेली पिल्लं महिनाभर वेगळी ठेवायची हे वेगळं सांगायला नको.

दूध तोडलेल्या पिल्लांसाठी शंभर किलोचं साधं मिश्रण: मक्याचा भरडा ६०, सोया पेंड २४, गव्हाचा जाडसर भुसा १३, खनिज मिश्रण अडीच, मीठ अर्धा किलो. यात प्रथिनं १८ टक्क्यांच्या आसपास बसतात. प्रथिनं जास्त म्हणजे वाढ जास्त, असा हिशोब करून कुणी पेंड वाढवतं. पिल्लाला ती पचत नाही आणि न पचलेली पेंड कुठं जाते ते वर आलंच. खनिज मिश्रण किंवा चुनखडीही हात सैल सोडून घालू नका. चुनखडी पोटातलं आम्ल मारते आणि पिल्लाकडे ते आधीच कमी असतं. मका अगदी पिठासारखा दळला तर मोठ्या डुकरांच्या जठराला अल्सर होतात. बोटांत रवाळ लागेल असा ठेवा.

आंबवलेला मका

पोट आंबट ठेवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे खाद्यच आंबवून देणं. प्लास्टिकचं झाकणाचं पिंप घ्या, लोखंडी नको. दहा किलो मक्याचा भरडा, २५ ते ३० लिटर पाणी आणि एक लिटर घरचं आंबट ताक. मसाला घातलेलं पाकिटातलं ताक चालणार नाही. क्लोरिनचं नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरावं. सगळं ढवळून, झाकण सैल ठेवून सावलीत ठेवा.

उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी पिंपात डोकावलं तर वर बारीक फेस दिसतो, मधूनमधून एखादा बुडबुडा फुटतो, खाली भरडा फुगून मऊ झालेला असतो आणि आंबिलीसारखा स्वच्छ आंबट वास येतो. थंडीत याला दोन-तीन दिवसही लागतात. नाकावर विसंबू नये. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजायची कागदी पट्टी मिळते; आकडा जितका कमी तितकं खाद्य आंबट. ती साडेचारच्या खाली, शक्यतो चारच्या आसपास आली की खाद्य तयार. साडेचारच्या वर असलेलं अर्धकच्चं आंबवण देऊ नका, कारण पहिल्या काही तासांत त्यात ई. कोलायही वाढलेला असतो. दारूचा उग्र वास, गुलाबी-काळी बुरशी किंवा तार सुटलेली दिसली तर सरळ शेणखड्ड्यात.

पुढच्या घाण्यासाठी तळाशी पाचवा हिस्सा ठेवून त्यावर नवीन भरडा आणि पाणी घाला. आता ताक लागत नाही आणि आंबणंही लवकर होतं. आठवड्यातून एकदा पिंप धुऊन, उन्हात वाळवून ताकापासून नवी सुरुवात करा. सोया पेंड आणि खनिज मिश्रण पिंपात घालायचं नाही. ते गव्हाणीत, खायला देताना मिसळायचं. प्रथिनं आंबवली की त्यातली लायसिनसारखी मोकळी अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) जिवाणू खाऊन टाकतात, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच कमी होतं. आणि हो, हे खाद्य सुरू करतानाही दहा दिवसांचा नियम.

आपल्या भागातलं स्वस्त खाद्य

निपाणी-चिकोडीकडे घरचं सोयाबीन असतं, म्हणून ते कच्चंच भरडून घालायचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या पाचकद्रव्याला अडवणारा घटक असतो, त्यामुळं प्रथिनं पचत नाहीत. चांगलं भाजा किंवा उकडा, नाहीतर तेल काढलेली पेंडच घ्या. बेळगाव तालुक्यातल्या रताळ्यांनाही तेच लागू: कच्च्या कंदात असाच घटक असतो, उकडल्यावर तो जातो. वेल कोवळा असेल तर डुकरिणींना आणि वाढत्या डुकरांना उत्तम तंतू. काळे डाग पडलेली, सडकी रताळी मात्र कुणालाच नाहीत. हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटे टाकून द्या. बाकीचे उकडून, उकडलेलं पाणी फेकून मग द्यावेत.

खानापूरच्या भात गिरण्यांतला कोंडा स्वस्त असतो, पण तेल न काढलेला कोंडा पावसाळ्यात थोड्या दिवसांत खवट होतो. आठवड्याला लागेल तेवढाच ताजा आणा. साखर कारखान्याची मळी खाद्यात पाच टक्क्यांपर्यंत ठीक. त्यापुढं तिच्यातल्या पोटॅशियममुळं शेण पातळ होतं.

मका बुरशीचा असेल तर फुकट मिळाला तरी नको. पावसात भिजलेल्या कणसांवरच्या बुरशीचं विष उकडून किंवा भाजून पूर्ण जात नाही. तरुण माद्यांचं योनिद्वार माजाशिवाय सुजलेलं दिसलं तर आधी मक्याचं पोतं उघडून बघा. धान्य साठवताना ओलावा १३ टक्क्यांच्या आत हवा आणि पोती भिंतीला न टेकवता लाकडी फळ्यांवर.

हॉटेलचं खरकटं हा वेगळाच विषय. गोव्याकडून असो की बेळगाव शहरातून, त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो आणि त्यातून आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग येऊ शकतो. भारतात हा रोग पहिल्यांदा २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. त्याला उपचार नाही. माझं मत: पिल्लं आणि गाभण डुकरीण असलेल्या शेडमध्ये खरकटं आणूच नये. आणणार असाल तर ते ढवळत ढवळत निदान तासभर उकळा, हाडं आणि प्लास्टिक काढा, आणि कच्च्या खरकट्याची बादली शिजवलेल्यात बुडवू नका. खरकटं खारट असतं. त्या दिवशी पाणी कमी पडलं तर मिठाची विषबाधा होते: डुक्कर गोल फिरतं, भिंतीला धडकतं, झटके येतात.

पाणी

बाटली आणि घड्याळ घ्या. दूध तोडलेल्या पिल्लांच्या निपलमधून (डुकरं तोंडात धरून पाणी पितात ती तोटी) मिनिटाला अर्धा लिटर, मोठ्यांच्या निपलमधून एक, आणि पाजणाऱ्या डुकरिणीच्या निपलमधून दोन लिटर पाणी यायला हवं. दूध तोडल्यावर पहिले दोन दिवस उथळ भांड्यातही पाणी ठेवा, कारण काही पिल्लांना निपल सापडतच नाही. टाकी महिन्यातून एकदा घासा.

शेण वाचायला शिका

वय आणि शेण एकत्र बघितलं की निम्मं निदान होतं. जन्मल्यावर पहिल्या तीन दिवसांत रक्ताळ हगवण आणि पटापट मरतूक म्हणजे क्लोस्ट्रिडियम या जिवाणूचा संशय, लगेच डॉक्टर. पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी पिवळी हगवण बहुतेक ई. कोलायची, आणि मूळ कारण गारठा, ओल किंवा कमी चीक. पाचव्या ते पंधराव्या दिवसांत चिकट, पिवळट, दाट हगवण, पिल्लं पितात पण वाढत नाहीत, अँटिबायोटिकनं फरक नाही: हा कॉक्सिडियोसिस, आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा रोग, त्याचं औषध वेगळं. दूध तोडल्यावर तीन ते दहा दिवसांत पाणीदार हगवण, किंवा हगवण नसतानाही पापण्या सुजून पिल्लू झोकांड्या खातंय, तर पुन्हा ई. कोलाय. वाढत्या डुकरांत शेंब आणि रक्त मिसळलेलं शेण म्हणजे डिसेंट्री (जिवाणूंमुळं होणारी रक्ती हगवण) किंवा चाबूककृमी (आतड्यातले जंत). दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून तपासणी हवी. काळं, चिकट शेण आणि फिकट कातडी म्हणजे आत रक्तस्राव.

ताप १०५ अंश फॅरनहाइटपर्यंत, कान आणि पोट लाल-जांभळं, मोठी डुकरंही पटापट मरताहेत: हे पोटाचं दुखणं समजून वेळ घालवू नका. एकही डुक्कर विकू किंवा हलवू नका आणि सरकारी दवाखान्याला कळवा.

पावडरी आणि औषधं

अँटिबायोटिक वाईट नाही. ते रोज खाद्यात घालणं वाईट. त्यानं चांगले जिवाणूही मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. युरोपियन युनियननं वाढीसाठी अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद केलं आणि दूध तोडलेल्या पिल्लांना हगवण रोखायला औषधी प्रमाणात झिंक ऑक्साइड देणं २०२२ मध्ये बंद केलं. भारतात कोलिस्टिन हे औषध खाद्यजनावरांत वापरायला जुलै २०१९ पासून बंदी आहे. कुणी जुन्या साठ्यातलं पुढं केलं तर घेऊ नका.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत चांगल्या जिवाणूंच्या, पुडीवर तीन गोष्टी बघा: जिवाणूचं नाव, जिवंत संख्या आणि मुदत. बॅसिलस जातीचे बीजाणू खाद्यात आणि उन्हाळ्यात टिकतात. लॅक्टोबॅसिलस गरम पाण्यात घातले की संपले. क्लोरिनच्या पाण्यातून किंवा अँटिबायोटिक चालू असताना देणं म्हणजे पैसे गटारात. आणि जमीन ओली, निपल तुंबलेलं असेल तर कुठलीच पुडी काम करणार नाही. ते आधी दुरुस्त करा.

हगवण लागलीच तर क्रम असा: खाद्य निम्म्यावर आणा, ओआरएसचं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा, जमीन कोरडी करा, ऊब वाढवा, आजारी खोलीचं काम दिवसाच्या शेवटी करा. अर्ध्या दिवसात सुधारणा नाही, किंवा एखादं पिल्लू डोळे खोल जाऊन आडवं पडलं, तर डॉक्टरांना बोलवा. १९६२ वर फोन केला तर फिरता दवाखानाही येतो. दवाखान्यात कन्नड बोलणारे डॉक्टर असले आणि आपलं कन्नड जेमतेम असलं तरी अडत नाही. मोबाइलवर शेणाचा, खोलीचा आणि खाद्याच्या पोत्याचा फोटो काढून न्या. कागदावर पिल्लांचं वय, दूध तोडल्याची तारीख आणि शेवटचा खाद्यबदल लिहून न्या.

शेणाचा नमुना औषधाचा पहिला डोस देण्याआधी घ्या; नंतर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू वाढत नाहीत आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. नुकतीच हगवण सुरू झालेल्या दोन-तीन पिल्लांचं ताजं शेण, जमिनीवरचं नव्हे, वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत घेऊन बर्फाच्या थर्मासमधून त्याच दिवशी पोचवा. मेलेलं पिल्लू तपासायला द्यायचं असेल तर तेही ताजं, गोठवलेलं नको.